दार नसलेली वेस



आषाढी झाल्यावर आळंदीला गेलो, तेव्हा चार-पाच जणांनी वाटेत अडवून एकच गोष्ट विचारली. "महाराज, यंदा दिंडीत दिसला नाहीत?" मी हसून वेळ मारून नेली. पण संपादकांचा निरोप आला, की काय असेल ते लिहून द्या. कीर्तन सोडून मला सहा वर्षे झाली. श्वास पुरत नाही, चाल उचलली की धाप लागते. लिहायला श्वास लागत नाही, म्हणून लिहितो.

मी वडिलांचे बोट धरून पहिली वारी केली तेव्हा चौदा वर्षांचा होतो. त्यानंतर एक्कावन्न वाऱ्या पायी झाल्या. मग उजवा गुडघा बिनसला. दोन वर्षे गाडीतून दिंडीबरोबर गेलो, पण गाडीतली वारी म्हणजे पंगतीत बसून दुसऱ्याचे जेवण बघणे. यंदा मुलांनी तेही बंद केले. माझी पताका माळ्यावर ठेवली आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली. मी रुसलो. म्हातारा माणूस रुसला की घरच्यांना काळजी वाटते, म्हणून मुलीच्या मुलीने, माझ्या नातीने, तोड काढली. ती पोर्तुगालमध्ये ब्रागा नावाच्या शहरात एका प्रयोगशाळेत काम करते. म्हणाली, "आबा, महिना-दीड महिना माझ्याकडे या. इथे हळूहळू चालता येईल असं गाव आहे."

पोर्तुगाल हे नाव ऐकून मी आधी नाहीच म्हणालो. त्याचे कारण पुढे येईल. शेवटी जूनच्या मध्यावर गेलो.

ब्रागा हे त्या देशाच्या उत्तरेकडचे जुने शहर. रोमन लोकांच्या काळापासूनचे. तेव्हा त्याला ब्राकारा ऑगुस्ता म्हणत. त्यांच्याकडे एक लोकोक्ती आहे, की पोर्तो काम करते, कोइंब्रा शिकते, लिस्बन मौज करते आणि ब्रागा प्रार्थना करते. म्हणजे आपल्या हिशेबाने ते क्षेत्राचे गाव. तासातासाला घंटा वाजतात, आणि एका देवळाची थांबते तोवर दुसऱ्याची सुरू होते. पहिले दोन दिवस मला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आले, की आपल्या सप्ताहात पहाटे काकड्याला लाउडस्पीकर लावतात तेव्हा गावातल्या पाहुण्यांचे असेच होत असणार.

सकाळी नात कामावर जायच्या आधी आम्ही तासभर चालायचो, संध्याकाळी पुन्हा तासभर. जुन्या गावात शिरायला पश्चिमेला एक कमान आहे, तिला ते 'नव्या दाराची कमान' म्हणतात. सोळाव्या शतकाच्या आरंभी दियोगु द सोझा नावाच्या आर्चबिशपांनी ही वाट उघडली. आज उभी आहे ती कमान अठराव्या शतकातली. नाव 'नवे दार', पण तिला दारच नाही. त्या वेळी गावाला शत्रूचे भय उरले नव्हते, म्हणून दार बसवलेच नाही, असे लोक सांगतात. त्यावरून साऱ्या देशात म्हण पडली आहे. कोणी दार उघडे टाकून गेले, की मागून विचारतात, "तू ब्रागाचा का रे?" मला हे फार आवडले. आपल्याकडे वेशीला दार असते, दाराला अडसर असतो, आणि अडसराशेजारी बसून कोण आले कोण गेले हे बघणारा एक म्हातारा असतो.

कमानीतून पुढे गेले की अरुंद दगडी रस्ता. पायाखाली लहान लहान चौकोनी दगड, गुळगुळीत झालेले. गुडघ्याला वाईट, पण डोळ्यांना छान. घरांच्या भिंतींना निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशा. दुकाने उघडत असत आणि मी कान देऊन ऐकत असे. एक बाई भाजीवाल्याला विचारत होती आणि त्यात मला स्पष्ट 'बटाटा' ऐकू आले. पुढे 'अननस' आले. बेकरीत पावाला नाकातून 'पांव' म्हणतात. किल्ली म्हणजे 'शाव्ह', आपली चावी. पगार, बादली, घमेले, लिलाव, नाताळ, हे सगळे तिथले. मी नातीला म्हणालो, "अगं, ही तर आपलीच भाषा बोलतात." ती म्हणाली, "आबा, उलट आहे."

आता त्यांच्या मोठ्या देवळाची गोष्ट. त्याला 'से' म्हणतात. पोर्तुगालमधले हे सर्वांत जुने कॅथेड्रल. अकराव्या शतकात बांधायला घेतले. त्याचा अभिषेक १०८९ चा. म्हणजे माउलींच्या जन्माच्याही जवळजवळ दोनशे वर्षे आधीचे. फार जुनी वस्तू दिसली की तिथले लोक म्हणतात, "ही ब्रागाच्या सेपेक्षाही जुनी." दाराशी मी सवयीने चपला काढल्या. नात म्हणाली, इथे काढत नाहीत. मी म्हणालो, माझे पाय माझ्या सवयीचे आहेत. थंडगार दगडावर अनवाणी उभा राहिलो. वर सोनेरी नक्षीचे दोन प्रचंड ऑर्गन समोरासमोर, जणू दोन बाजूंचे टाळकरी.

आणि सज्जनहो, खरे सांगतो, माझ्या मनात भक्ती आली नाही. राग आला. हात जोडायच्या ऐवजी मुठी वळल्या. हेच ते, असे वाटले. ह्यांनीच आपली देवळे पाडली, ह्यांनीच पोथ्या जाळल्या. मी चपला हातात घेऊन बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. नातीने काही विचारले नाही. पाण्याची बाटली पुढे केली.

हा राग माझ्या जुन्या धंद्यातला होता. मी चाळीस वर्षे काल्याचे कीर्तन केले. काल्यात कृष्णाच्या बाललीला येतात हे वाचकांना सांगायला नको. गोकुळ, गोपाळ, शिदोऱ्या, दही. त्या लीला सांगताना मी एक दाखला ठेवलेला होता. गोव्यात फिरंग्यांनी कृष्णाच्या पोथ्या कशा जाळल्या, तो दाखला. तो मी रंगवून सांगे. आगीचे वर्णन करी, पाने कशी काळी पडली ते हातांनी दाखवी. लोकांचे डोळे भरत आणि मग मुठी वळत. कीर्तनकाराला श्रोत्यांच्या मुठी वळलेल्या दिसल्या की आपण फार मोठे काही केले असे वाटते. मी आळंदीला चार वर्षे शिकलो, तिथे कोणी मला हे शिकवले नव्हते. हे मी माझ्या मनाने वाढवले.

वसईच्या पट्ट्यातल्या एका गावी सप्ताहाला मी सलग नऊ वर्षे गेलो. तिथे ख्रिस्ती वस्ती मोठी. १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत, तो मुलूख पोर्तुगीजांचा होता. माणसे मात्र मराठीच. शेती, वाडी, विहीर, बोलणे सगळे आपले. त्या गावातला एक ख्रिस्ती बागायतदार दर वर्षी मंडपाला केळीचे खांब देई. पैसे घेत नसे. काल्याच्या दिवशी मंडपाच्या कडेला, चपला ठेवतात त्या बाजूला, उकिडवा बसून कीर्तन ऐके. दहीहंडी फुटली की प्रसाद घेऊन जाई. मला भेटला की "जय हरी, बुवा" म्हणे.

शेवटच्या वर्षी मी दाखला सांगता सांगता एक वाक्य जास्तीचे बोललो. पोथ्या जाळणाऱ्यांची नावे गळ्यात अडकवून काही जण आजही आपल्या वेशीत बसले आहेत, असे काहीसे. ठरवून बोललो नाही. पण जिभेवर आले आणि मी ते थांबवले नाही. टाळ्या पडल्या. वारकरी कीर्तनात टाळ्या पडल्या. मी पाहिले, तो उठला, चपला पायात घातल्या नाहीत, हातातच घेतल्या, आणि गेला. मी त्याच्याच केळीच्या खांबाखाली उभा होतो.

पुढच्या वर्षी खांब दुसरीकडून आणले. त्यानंतर मीही त्या गावी जायचे काही ना काही कारण सांगून टाळले. ह्याला आता अठ्ठावीस वर्षे झाली.

हे मी नातीला त्या पायरीवर सांगितले नाही. एवढेच म्हणालो, की ह्या लोकांनी आपली कृष्णकथा जाळली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आबा, इथल्या वाचनालयात एक मराठी पोथी आहे म्हणतात. कृष्णाचीच."

मला ते खरे वाटले नाही. पण ते खरे आहे. देवळापासून हाकेच्या अंतरावर आर्चबिशपांचा जुना वाडा आहे. त्यात ब्रागाचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्या ग्रंथालयात ७७१, ७७२ आणि ७७३ अशा क्रमांकांची तीन हस्तलिखिते आहेत. त्यांत रामायण-महाभारतातल्या कथा कोकणी गद्यात आहेत आणि मराठी पद्य आहे, आणि सारे रोमन लिपीत लिहिलेले. गोव्यात राशोलला जेझुइट पाद्री राहत, त्यांच्यासाठी हे उतरवून घेतले गेले. त्यांना इथली भाषा शिकायची होती, आपल्या देवादिकांच्या कथा काय आहेत हे जाणून त्यांचे खंडनही करायचे होते. मारियानु साल्दान्या नावाच्या गोमंतकीय विद्वानांनी ती गेल्या शतकात उजेडात आणली. त्यातच कृष्णदास शामाची 'श्रीकृष्णचरित्रकथा' आहे. कृष्णदास शामा हा साष्टीतल्या केळोशीचा. भागवताच्या दशम स्कंधावर त्याने मराठी ओव्या रचल्या. रचना १५२६ ची मानतात. नाथमहाराजांचे भागवत काशीत पुरे झाले ते १५७३ मध्ये. म्हणजे ही त्याच्याही आधीची.

जाळले हे खोटे नाही. गोव्यात पोथ्या जप्त झाल्या, जळाल्या, बाळगणाऱ्यांना शिक्षा झाल्या. १६८४ मध्ये तर लोकांनी आपली भाषाच सोडावी असा हुकूम निघाला. त्याच गोव्यात, त्याच राशोलला, १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताचे पुराण मराठी ओवीत छापले, तेही खरे. आणि आणखी एक गोष्ट नातीने दाखवली, ती मला अजून सुटलेली नाही. गोव्याचे आर्चबिशप अलेशु द मेनेझिस यांनी १५९९ मध्ये मलबारात, उदयंपेरूरला, एक धर्मसभा भरवली आणि तिथल्या जुन्या ख्रिस्त्यांची सुरियानी भाषेतली पुस्तके आगीत घालायला लावली. ख्रिस्त्यांनीच ख्रिस्त्यांची. पुढे हेच मेनेझिस १६१२ मध्ये ब्रागाचे आर्चबिशप होऊन आले. मी ज्या पायरीवर राग धरून बसलो होतो ते देऊळ त्यांचेच. माझ्या दाखल्यात हे कुठे बसवावे? जाळणारे एका बाजूला आणि जळणारे दुसऱ्या बाजूला, अशी माझी मांडणी चाळीस वर्षे चालली होती. ती कीर्तनाला सोयीची होती.

नातीने रीतसर पत्र लिहून त्या पोथीच्या काही पानांच्या छायाप्रती मिळवल्या. वाड्याच्या मागे सांता बार्बारा नावाची बाग आहे. फुलांचे आखीव वाफे, मागे वाड्याची जुनी दगडी भिंत आणि तिच्या बाहेर उरलेल्या काही कमानी. एका संध्याकाळी आम्ही तिथल्या बाकावर बसलो. मी पाने हातात घेतली. मला अक्षर लागेना. रोमन लिपी मला येते, बँकेत सही करण्यापुरती, पण हे चारशे वर्षांपूर्वीचे वळण होते. नातीला अक्षर लागत होते, अर्थ लागत नव्हता. तिचे शिक्षण इंग्रजीत झालेले. 'नवनीत' म्हणजे काय हे ती मला विचारते.

तिने वाचायला सुरुवात केली. आधी इंग्रजी पद्धतीने वाचले, तेव्हा नुसता खडखडाट. मग ती थबकली, म्हणाली, "थांबा, पोर्तुगीजात ह्या फुलीच्या अक्षराचा उच्चार श होतो." आणि पुन्हा वाचू लागली. सज्जनहो, काय सांगू! दगडांच्या ढिगातून पाणी वाहू लागावे तसे झाले. यशोदेचा प्रसंग होता. शब्द मोडके येत होते, पण चाल शाबूत होती. तीन चरणांचे यमक जुळायचे आणि चौथा आखूड, मोकळा सुटायचा. माझा हात मांडीवर आपोआप पडू लागला. तिसऱ्या चरणाचा शेवटचा शब्द मी तिच्या आधी म्हणालो. तिने पानाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "आबा, तुम्हाला हे पाठ आहे?" मी म्हणालो, "आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय गं."

एक आजोबा ज्याला दिसत नाही आणि एक नात जिला कळत नाही, अशी आमची जोडी अंधार पडेपर्यंत वाचत बसली. दोघांचे मिळून एक वाचक झाले. बागेतला माळी पाणी घालून गेला तेव्हा मला पायावर थेंब पडलेले कळले.

त्या रात्री मात्र झोप आली नाही, आणि घंटांमुळे नव्हे. डोळ्यांपुढे तो हातात चपला घेऊन जाणारा माणूस येत राहिला.

मध्ये तिथल्या सेंट जॉनचा उत्सव झाला, चोवीस जूनचा. आपली पालखी दिवे घाट चढून गेलेली, मी मोबाईलवर बघत होतो, आणि बाहेर सारे गाव रस्त्यावर. प्लास्टिकच्या हातोड्या घेऊन एकमेकांच्या डोक्यावर हलकेच मारायची तिथली रीत आहे. एका सात-आठ वर्षांच्या मुलीने माझ्या टोपीवर मारली. मी वाकून दुसऱ्यांदा डोके पुढे केले, तेव्हा ती लाजून पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाविद राजाचा नाच निघतो. जुन्या करारातला हा राजा, भजने गाणारा. तो पुढे आणि त्याच्या मागे वाद्ये वाजवणारे गोपाळ. दिंडी ती दिंडीच. तिची ओळख पायांना आधी पटते.

मग आषाढी एकादशी आली. आठ दिवस आधीपासूनच मी मनाशी ठरवले होते. गावाच्या पूर्वेला, पाच-एक किलोमीटरवर, एका टेकडीवर बों जेझुश नावाचे स्थान आहे. त्याचा अर्थ भला येशू. वर जायला दगडी पायऱ्या आहेत, पाचशे सत्त्याहत्तर. नातीने मोजून नव्हे, वाचून सांगितले. मी म्हणालो, चंद्रभागा नाही तर टेकडी. ती डॉक्टरांचे नाव काढू लागली. मी तिला म्हणालो, तुझ्या मामांनी शिडी लपवली, तू पायऱ्या लपवून दाखव. ती हसली आणि काठी घेऊन आली.

उपवासाचे काय करायचे हा प्रश्न तिने सोडवला होता. ब्रागात ब्राझीलचे लोक पुष्कळ. त्यांच्या दुकानात साबुदाण्याचे सख्खे भाऊ शोभतील असे दाणे मिळतात. त्याची खिचडी, शेंगदाणे घालून. खाताना ती म्हणाली, "आबा, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो ब्राझीलकडचा. शेंगदाणा तिकडचा, बटाटा, रताळं, मिरची तिकडचीच. बहुतेक ह्यांच्याच गलबतांतून आपल्याकडे आलं." मी घास हातात धरून बसलो. माझ्या पिढ्यान् पिढ्यांच्या एकादशीच्या ताटात फिरंगी नाही असे मीठ तेवढे उरले. तरी घास खाल्ला. भूक लागली होती.

पहाटे निघालो. पंढरपुरात तेव्हा साडेदहा वाजले असतील. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, काखेत लहानसे टाळ. वाटेत एका नळकोंडाळ्यापाशी एक तरुण बसला होता. पाठीवर पिशवी, पिशवीला शिंपला बांधलेला. स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू असा शिंपला लावतात, आपण माळ घालतो तशी त्यांची ती खूण. ब्रागावरून जाणारी त्यांची एक वाट आहे. जागोजागी भिंतीवर पिवळे बाण काढलेले असतात, त्यांच्या मागे मागे चालायचे. त्याच्या टाचेला मोठा फोड आला होता आणि तो सुई-दोऱ्याने फोडाच्या आरपार दोरा ओवत होता, पाणी झिरपून जावे म्हणून. मला हसूच आले. आमच्या दिंडीत एक आजी हेच करीत असत. मी खिशातली खोबरेल तेलाची बाटली काढून त्याच्या दुसऱ्या टाचेला लावून दिले. तो संकोचला. नातीने त्याला सांगितले, की ह्यांनी एक्कावन्न वेळा अशी यात्रा केली आहे. त्याने माझ्या पायाला हात लावला नाही, त्यांच्यात ती रीत नाही, पण मान खाली घातली. बाटली मी त्यालाच दिली.

टेकडीच्या पायथ्याशी पायऱ्या सुरू होतात. पहिल्या टप्प्यात झाडांची गर्द सावली आणि वळणावळणावर लहान देवळ्या, आत माणसाएवढ्या मूर्तींतून येशूच्या शेवटच्या यातनांचे प्रसंग. रोद्रिगु द मोउरा तेलेश नावाच्या आर्चबिशपांनी १७२२ मध्ये ह्या पायऱ्यांचे काम सुरू केले. पूर्वी भाविक ह्या गुडघ्यांवर चढत, असे नात म्हणाली. माझ्या गुडघ्याने ते ऐकले असावे, तो तिथेच कुरकुरू लागला. दर दहा पायऱ्यांना थांबत, हरिपाठ म्हणत गेलो.

मग झाडी संपते आणि तो प्रसिद्ध जिना दिसतो. पांढऱ्या भिंती, करड्या दगडांच्या कडा, नागमोडी वर वर गेलेला. त्याला पंचेंद्रियांचा जिना म्हणतात. दर टप्प्याला एक कारंजे, एकेका इंद्रियाचे. पहिल्या मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी वाहते. दुसरीच्या कानांतून. तिसरीच्या नाकातून. चौथीच्या तोंडातून. पाचवीच्या हातांत भांडे आहे, त्यातून. कीर्तनकाराला ह्याहून सोपा विषय देवाने दिला नसेल. डोळ्यांच्या कारंज्याशी मी नातीला दर्शनाचे निरूपण ऐकवले. कानांच्या कारंज्याशी थट्टा केली, की हा आमचा नेहमीचा श्रोता, ऐकलेले सगळे वाहून जाते. इंद्रिये मारायची नाहीत, वळवायची, हा संप्रदायाचा विचार तिला सांगितला. ती ऐकत होती. बऱ्याच वर्षांनी मला श्रोता मिळाला होता.

चौथ्या कारंज्याशी माझे बोलणे थांबले. दगडी तोंड सताड उघडे, आणि त्यातून पाणी अखंड बाहेर पडते आहे. त्याला तोंड मिटताच येत नाही. मी कठड्यावर बसलो. नातीला वाटले दम लागला. दमही लागला होता. तिथे, त्या पाण्याच्या आवाजात, तिला वसईची गोष्ट सांगितली. सगळी. केळीच्या खांबांपासून टाळ्यांपर्यंत.

तिने विचारले, "तुम्ही त्यांना भेटायला गेला का नाहीत?"

मी म्हणालो, "मी व्यासपीठावरचा माणूस होतो गं."

ती काही म्हणाली नाही. उठून मला हात दिला.

वरचा जिना श्रद्धा, आशा आणि प्रेम ह्या तीन गुणांचा. तो मी फारसा न बघता चढलो. माथ्यावरच्या देवळात शिरलो. इथेही चपला काढल्या. ह्या वेळी मुठी वळल्या नाहीत. मागच्या बाकाजवळ उभा राहून ओठांतल्या ओठांत नाम घेतले, टाळ पिशवीतच ठेवले. दुसऱ्याच्या घरी आपले वाद्य न विचारता वाजवू नये. बाहेर अंगणात येऊन मात्र वाजवले. खाली सारे ब्रागा उन्हात पसरलेले. दोन-तीन माणसे थांबली, एकीने मोबाईल काढला. नात टाळी वाजवीत उभी राहिली. धाप लागेपर्यंत विठ्ठल विठ्ठल केले. धाप लवकर लागली.

उतरताना गुडघ्याने हात टेकले. तिथे १८८२ सालची एक रेल्वे आहे, पाण्याच्या जोरावर चालणारी. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात. तो जड होऊन खाली निघाला की दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा आपसूक वर येतो. खाली पोचल्यावर पाणी सोडून देतात. आपल्या मोटेची अक्कल, फक्त बैल नाहीत. मी त्यात बसून उतरलो. पंढरपुराहून परत येताना आपणही एसटीनेच येतो की.

जुलैच्या अखेरीस मी परतलो. आळंदीला जाऊन आलो, आणि पुढच्याच आठवड्यात वसईची गाडी पकडली. धाकटा मुलगा बरोबर आला. कशाला जायचे आहे हे त्याला सांगितले नव्हते. गाव ओळखू येईना. मंडप पडायचा तिथे इमारत झाली आहे. वाडी मात्र होती, थोडीशी. विहीर होती. दारात एक पन्नाशीचा माणूस केळीच्या सोपटाची दोरी वळत बसला होता. वळण बापाचेच. मी नाव विचारले. त्याने सांगितले, वडिलांना जाऊन चार वर्षे झाली.

त्याने खुर्ची दिली, पाणी दिले. मी पिशवीतून पोथीची छायाप्रत काढली. कशी सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून आधी पोथीचे सांगितले. ब्रागा, वाचनालय, केळोशीचा शामा. त्याने पान हातात घेतले, चष्मा लावला आणि अडखळत दोन ओळी वाचल्या. मग म्हणाला, "ही आपली भाषा दिसतेय." मी म्हणालो, हो. मग ते वाक्य सांगितले. जसे बोललो होतो तसेच, न झाकता. मुलगा माझ्याकडे बघत राहिला.

तो बराच वेळ विहिरीकडे बघत होता. "बाबा घरी कधी काही बोलले नाहीत," तो म्हणाला. "त्यानंतर सप्ताहाला जात नसत हे खरं. विचारलं की म्हणायचे, केळीला भाव आलाय, खांब कुठून देऊ."

आम्ही उठलो. तो आत गेला आणि पानात बांधलेली एक जुडी घेऊन आला. सुकेळी होती, वाळवलेल्या केळ्यांची, त्यांच्याच घरची. मी घेऊ की नको अशा विचारात होतो. माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघून तो म्हणाला, "घ्या बुवा. एकादशीला चालतात."